टेबल बरोबर आहे, दार लहान आहे

मिलिंद,

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा घेऊन गॅलरीत जातो, कप कठड्यावर ठेवतो, काहीतरी आठवून आत येतो आणि मग घरभर कप शोधत फिरतो. रेखा म्हणते, "अहो, जरा टेका कुठेतरी." टेकणार कुठे? आमच्या घरातली निम्मी बसायची जागा तू आणि मी केलेली आहे. स्टुलावर बसलं की तू आठवतोस. बाकावर बसलं की तो डावीकडे कलतो, मग जास्तच आठवतोस.

आज एकोणीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. तुझे जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक टक्कल पडलेला गृहस्थ उठून म्हणाला, "मास्तरांनी शिकवलेला तीन-चार-पाचचा त्रिकोण मी अजून वापरतो." मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, "मिलिंद माझा मित्र होता," इतकं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं माझा गळा दाटून आला. तसं नव्हतं. पुढचं वाक्य तयार होतं, पण इतक्या लोकांसमोर ते उच्चारायची माझी छाती झाली नाही. ते इथे लिहायचं आहे. एकदम तिथे जाता येत नाही, थोडा फिरून जातो. तुला माझी सवय आहे.

सुरुवात तुझ्या त्या फुगलेल्या कपाटापासून झाली, आठवतंय? तळमजल्यावरची तुझी जागा, त्यात मोरीचं पाणी तुंबलं आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या नव्या कपाटाचे पाय चहात बुडवलेल्या पावासारखे झाले. तू खाली बसलास आणि त्यात बोट खुपसलंस. बोट आत गेलं.

"सुध्या, हे बघ. लाकूड नाहीच यार हे. दाबलेला भुसा आहे."

"मग आता?"

"आता काय, आपण करू."

"आपण म्हणजे कोण?"

"तू आणि मी."

"तुला येतं?"

"गणित येतं ना. लाकूडकाम म्हणजे काय, मापं आणि धीर."

मापं तुझ्याकडे होती आणि धीरही तुझ्याकडेच होता. माझ्याकडे ड्रिल होतं. तेवढ्या भांडवलावर आपण दर रविवारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जमायला लागलो. पहिला चपलांचा रॅक करायला चार रविवार लागले आणि त्यात तुझ्या दहा नंबरच्या चपला बसेनात. तू म्हणालास, रॅक बरोबर आहे, पाय मोठे आहेत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस चूक मान्य करण्यातला नाही. निदान माझी तरी तशी समजूत झाली आणि ती मी पुढे सोयीस्करपणे जपली.

सोसायटीने आपल्याला एकच अट घातली होती, दोन ते चार ठोकाठोक बंद. पहिल्या मजल्यावरच्या सबनीसकाकू झोपतात. म्हणून त्या दोन तासांत आपण फक्त पॉलिशपेपर घासायचो. खर्र, खर्र, खर्र. माझ्या आयुष्यातलं जे काही महत्त्वाचं बोलणं झालं असेल ते त्या खर्रखर्रीत झालं. माझी बदली, तुझ्या मुलीचं लग्न, माझ्या वडिलांचं शेवटचं आजारपण, तुला शाळेत पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये वेगळा ग्लास दिला होता ती गोष्ट. ती तू सांगितलीस तेव्हा मी घासायचा थांबलो. तू म्हणालास, "थांबू नकोस, एका जागी जास्त घासलं तर खड्डा पडतो." मग आपण दोघं घासत राहिलो आणि तू सांगत राहिलास.

आणि भांडणं! स्क्रू की गोंद, यावर आपण जितकं भांडलो तितकं मी रेखाशीही भांडलो नाही. मी विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर उभं आयुष्य काढलेला माणूस. जगातली प्रत्येक वस्तू कधीतरी मोडते, यावर माझा पूर्ण विश्वास. म्हणून मला स्क्रू हवा. मोडलं की खोलता येतं. तुला लाकडात खाच हवी, खाचेत जीभ हवी, वर गोंद हवा. "एकदा जोडलं की जोडलं," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "आणि हलवायचं झालं तर?" तू म्हणायचास, "तर अखंड हलवायचं."

वस्तू अखंड आत गेली नाही तरी चालेल, पण अखंड बाहेर निघाली पाहिजे, हा तुझाच नियम. इमारत जुनी आहे, कधी ना कधी सगळ्यांना निघावं लागेल, हे तू तेव्हापासून म्हणत होतास. म्हणूनच तर ते माप घ्यायला तू मला पाठवलंस.

आलो बघ शेवटी तिथे.

वंदनावहिनींचं टेबल. वहिनी ब्लाउज शिवायच्या, अजून शिवतात, आणि कापड जमिनीवर पसरून गुडघ्यांवर बसून कापायच्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा तू ठरवलंस की उभ्याने कापता येईल असं टेबल करायचं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, खाली कापडाचे गठ्ठे ठेवायला पूर्ण फळी. लाकूडही तू कुठून आणलंस, तर हायवेकडच्या त्या भंगारवाल्याकडून, पाडलेल्या इमारतींच्या दारांच्या जुन्या सागवानी चौकटी. तू एकेका चौकटीवर हात फिरवायचास आणि बिजागरीची खूण दाखवायचास. "हे बघ, इथून कोणीतरी चाळीस वर्षं ये-जा केलीय." मला तेव्हा त्यात फक्त खिळे दिसायचे. ते उपसून काढण्यात माझे दोन रविवार गेले.

एवढं टेबल गच्चीवर जोडून खाली आणणं शक्य नव्हतं. म्हणून तुकडे गच्चीवर करायचे आणि तुझ्या आतल्या खोलीत नेऊन जोडायचं ठरलं. तू गच्चीवर फळीला रंधा मारत होतास. मला म्हणालास, "सुध्या, खाली जाऊन दाराची रुंदी घेऊन ये. टेबलाची उंची त्यापेक्षा कमी ठेवू, म्हणजे आडवं करून कधीही बाहेर काढता येईल."

मी टेप घेऊन चार मजले उतरलो. तुझं दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात उभा राहून टेप लावली, चौतीस इंच. आत वहिनींनी विचारलं, "भाऊ, चहा घेणार?" मी चहा घेतला, वर आलो, आणि गच्चीवर कागद वाऱ्याने उडायचा म्हणून आपण मापं लाकडावरच लिहायचो तसं, टेबलाच्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: दार ३४. त्याच्याखाली तू लिहिलंस: उंची ३३.

मी बाहेरचं दार मोजलं होतं. टेबल होतं आतल्या खोलीत. आतलं दार एकोणतीस इंच.

एवढंच आहे ते. लिहून झालं. अकरा वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते तीन ओळींत मावलं.

टेबल उत्तम झालं, झकास झालं, याबद्दल वाद नाही. वहिनींनी पहिल्या दिवशी त्यावर कापड पसरलं आणि नुसत्याच चहूबाजूंनी फिरत राहिल्या. पण वर्षभराने तुम्ही रंग काढायला घेतला आणि रंगाऱ्याने टेबल बाहेर काढायला सांगितलं. उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. खालच्या फळीमुळे पायही वळवून काढता येईनात. शेजारी गोळा झाले. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, अर्धा क्षण असेल. मला त्याच क्षणी कळलं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू दोन्ही हात कमरेवर ठेवून मोठ्याने म्हणालास, "टेबल बरोबर आहे. दार लहान आहे!"

सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं.

तेव्हापासून ते 'मास्तरांचं टेबल' झालं. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या बारशाला, विषय निघाला की निघालाच. गणिताचा मास्तर आणि दार मोजलं नाही! खिडकीतून काढा म्हणावं तर खिडकीबाहेर दीड फुटावर शेजारच्या सोसायटीची भिंत. वहिनी पाहुण्यांना आत नेऊन दाखवायच्या. तू प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणायचास आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगून टाकू. मग वाटायचं, आता काय, जुनी गोष्ट झाली, त्यालाही गंमत वाटतेय. असं करत करत माणूस अकरा वर्षं सहज काढतो. ऑफिसात लोकांचे खोटे क्लेम मी पहिल्या ओळीत ओळखायचो, हे वेगळं सांगायला नको.

माझा राग येतोय ना? मला तुझाही येतो. खरंच येतो. तू का नाही बोललास? गच्चीवर आपण दोघंच असायचो. "गाढवा, कुठलं दार मोजलंस?" एवढं म्हणाला असतास तर मी पाय धरले असते, आपण हसलो असतो, विषय संपला असता. तू मोठेपणाने गप्प राहिलास आणि मी त्या मोठेपणाखाली ऐसपैस राहायला गेलो. तुझा चांगुलपणा मला या एकोणीस दिवसांत फार छळतोय.

आणि मग ती मीटिंग. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, करार आला, सह्या करायच्या होत्या. मी कंटाळलो होतो. चौथी मीटिंग, पंखे बंद, सगळे घामाघूम. तू कागद घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "मी आपले सगळे फ्लॅट पुन्हा मोजलेत. करारातला कार्पेट एरिया जुळत नाही. प्रत्येकाचा थोडा थोडा कमी धरलाय." पुन्हा पंधरा दिवस लांबणार, हे माझ्या डोक्यात गेलं. आणि मी बसल्या जागेवरून बोललो. शब्दन् शब्द लक्षात आहे.

"ज्याला स्वतःच्या घरातलं दार मोजता आलं नाही, त्याने बिल्डरचा एरिया मोजू नये."

काय हसले सगळे. सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला. तू कागदाची घडी घातलीस, मग त्या घडीची घडी, तो खिशात ठेवलास आणि बसलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस. सगळी सोसायटी समोर होती. एक वाक्य पुरलं असतं. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

फेरमोजणीत एरियाचं तुझं बरोबर निघालं. दुरुस्तीचं पत्र आलं, सगळ्यांना वाढवून मिळालं. मलाही.

मीटिंगनंतरच्या रविवारी तू गच्चीवर आला नाहीस. मी मनाला सांगितलं, सर्दी झाली असेल. दुसऱ्या रविवारीही आला नाहीस. तेव्हा मी काय केलं सांगू? अडीच वाजता, मुद्दाम, एका रिकाम्या फळीवर हातोडी मारायला सुरुवात केली. म्हटलं, नियम मोडतोय म्हणून तरी ओरडायला वर येशील. सबनीसकाकू आल्या. "अहो सुधीर, वेड लागलं का तुम्हाला?" मी म्हटलं, चुकलो काकू. बघ, त्यांना लगेच म्हणता आलं.

तिसऱ्या रविवारी तुझ्या दारापर्यंत आलो. आतून वहिनींचं मशीन ऐकू येत होतं आणि मध्येच तुझं बोलणं. काय बोलत होतास कळलं नाही, पण आवाज बरा वाटला. म्हटलं, ठीक आहे, चिडलेला नाही, पुढच्या रविवारी बघू. बेल न वाजवता वर गेलो. बुधवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

आता पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही.

पुढच्या सोमवारपर्यंत सगळ्यांना जागा रिकाम्या करायच्या आहेत. वहिनींनी भांडुपला जागा बघितलीय, एक खोली नि किचन, पण खोली मोठी आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, लग्नाची ऑर्डर आहे. सतरा ब्लाउज. ह्यांच्यासाठी कितीही रडले तरी मला आता जमिनीवर बसून कापता येणार नाही. टेबल मधोमध कापा, बिजागऱ्या लावा. मला ते पाहिजे."

मी एक मिस्त्री आणून त्याला टेबल दाखवलं. तो खाली वाकून बघून म्हणाला, "किसने बनाया? एकदम पक्का काम है." मग म्हणाला की मधले आडवे दांडे कापले तर टेबल जन्मभर डुगडुगणार. कात्री सरळ चालायची नाही. वहिनी म्हणाल्या, चालेल, डुगडुगतं तर डुगडुगतं. आणि कापायचं कोणी? "तुम्हीच कापा भाऊ. परक्याने हात लावायला नको."

मी करवतीला धार लावून आणली. चार दिवस ती आमच्या ओट्याशेजारी उभी होती. रेखा तिला वळसा घालून स्वयंपाक करत होती. मी दिवसातून दहा वेळा गच्चीवर जात होतो आणि येत होतो. सोसायटीतला जो भेटेल तो मला टेबल कसं कापायचं याचा सल्ला देत होता. एक म्हणे लांबीत कापा, एक म्हणे पाय कापून पुन्हा जोडा.

काल रविवार. टेम्पो बारा वाजता येणार होता. मी दहाला करवत, पेन्सिल आणि टेप घेऊन तुझ्या घरी गेलो. घर रिकामं झालं होतं. आतल्या खोलीत फक्त टेबल आणि वहिनी. त्या रिळं पिशवीत भरत होत्या. मी मनाशी एक ठरवलं होतं: आधी टेबलाखाली जायचं, ते 'दार ३४' शोधायचं, माझं अक्षर वहिनींना दाखवायचं आणि मग कापायचं. तोंडाने सांगणं जमत नसेल तर निदान पुरावा दाखवावा. अकरा वर्षं मी त्या टेबलाखाली वाकलो नव्हतो. काही पडलं तर रेखाला उचलायला सांगायचो.

खालच्या फळीवर आडवा झालो, मोबाईलची बत्ती लावली. बाकीची मापं जागच्या जागी होती. तुझे बाण, तुझे त्रिकोण, 'हा भाग खिडकीकडे', तुझं 'उंची ३३'. त्याच्या वर माझं अक्षर असायला हवं होतं. नव्हतं. तिथे वीतभर जागा नुसती गुळगुळीत होती. बाकी सगळीकडे रंध्याचे खरबरीत ओरखडे आणि तेवढीच जागा हाताला साबणासारखी लागत होती.

तेव्हा मला ते आठवलं. रंगारी येऊन गेल्यानंतरचा रविवार. तू वर आला नाहीस म्हणून मी बघायला खाली आलो होतो, दोन-अडीचची वेळ. तू याच फळीवर उताणा पडून वरच्या लाकडाला पॉलिशपेपर मारत होतास. चष्म्यावर भुसा, मिश्यांत भुसा. मी म्हटलं होतं, "अरे येड्या, खालून कोण बघणार आहे?" तू म्हणालास, "वंदनाचं कापड अडकतं रे." मी म्हटलं होतं, मास्तर, तुम्हाला रिकामा वेळ फार. आणि हसत निघून गेलो होतो.

मी बत्ती बंद केली आणि तसाच पडून राहिलो. वहिनींनी वाकून विचारलं, "भाऊ, बरं वाटतंय ना?"

मी बाहेर आलो. आता दाखवायला काही नव्हतं, त्यामुळे बोलावंच लागलं.

"वहिनी, ते दार मी मोजलं होतं."

"कुठलं दार?"

"टेबलाच्या वेळी. टेप माझ्या हातात होती. मी बाहेरचं मोजलं आणि चौतीस सांगितलं. मिलिंदची चूक नव्हती ती."

त्यांच्या हातात पिवळ्या दोऱ्याचं रीळ होतं. ते त्यांनी पिशवीत टाकलं नाही.

"हे कधी बोलले नाहीत."

"नाही."

"अकरा वर्षं मी त्यांना हसले, भाऊ. आल्यागेल्याला दाखवायचे, बघा आमच्या मास्तरांचं गणित."

"मीही हसलो."

"तुम्ही हसायला नको होतं," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. आवाजही चढवला नाही. वीस वर्षांत त्या मला रागाने बोलल्या नव्हत्या. बरं वाटलं, खरं सांगतो. कोणीतरी मला योग्य ते बोललं.

मग त्या म्हणाल्या, "कापा आता. तुमचीच चूक, तुम्हीच कापा."

मी करवत उचलली. रेघ मारायला टेप सोडली आणि सवयीने नजर दाराकडे गेली. एकोणतीस इंची दार. दोन्ही बाजूंना सव्वादोन-सव्वादोन इंचांची लाकडी चौकट. मी टेप घेऊन तिकडे गेलो आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं.

"वहिनी, ही बिल्डिंग कधी पाडणार?"

"पुढच्या महिन्यात म्हणतात."

"मग आपण हे दार कशाला वाचवतोय?"

वहिनींनी दाराकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. आठवडाभर अख्खी सोसायटी टेबलाचे तुकडे कसे करायचे ते शिकवत होती आणि पडणाऱ्या इमारतीच्या दाराला हात लावायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आपण मध्यमवर्गीय माणसं. घराची चौकट कशी तोडायची?

"पहार आणा," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या घावाला प्लॅस्टर ढासळलं, दुसऱ्याला सेक्रेटरी आले. "अहो, अहो! चौकटी काढायच्या नाहीत! ताबा जसाच्या तसा द्यायचाय, करारात आहे!"

"लिहा, सुधीरने तोडली म्हणून."

आवाजाने आणखी चार-पाच जण जमले होते. तेच सगळे, मीटिंगमधले. मी पहार खाली ठेवली. घाम डोळ्यांत जात होता. "आणि अजून एक लिहा," मी म्हटलं, "हे दार तेव्हा मी मोजलं होतं. मिलिंदने नाही. तुम्ही सगळे त्याला हसलात, मीटिंगमध्ये मी त्याला बोललो. चूक माझी होती."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. सेक्रेटरी म्हणाले, "कुठली मीटिंग?" मागून कोणीतरी म्हणालं, "असू दे हो आता, टेम्पोवाला हॉर्न मारतोय." कोणालाच काही आठवत नव्हतं रे. ज्या लोकांच्या भीतीने मी गप्प राहिलो, त्यांनी ते घरी जाण्याआधीच विसरून टाकलं होतं. लक्षात फक्त दोघांच्या होतं, तुझ्या आणि माझ्या.

चौकट निघाली. साडेतेहतीस इंच जागा झाली. आम्ही सहा जणांनी टेबल आडवं केलं, वहिनी पुढे उभ्या राहून "डावीकडे, जरा डावीकडे" म्हणत होत्या, आणि तुझं टेबल त्या भगदाडातून अखंड बाहेर आलं. वर अर्धा इंच उरला. बाहेरच्या दारातून तर ते तुझ्या मापाने, ऐटीत गेलं.

कंपाउंडमध्ये टेम्पोत चढवायच्या आधी ते कडेवर उभं होतं, खालची बाजू उन्हात. एका पायावर बिजागरीची जुनी खूण दिसत होती, तू दाखवायचास ती. लोक दोर शोधायला गेले होते. मी त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला. किती घासलंयस रे. पेन्सिलचा मागमूस नाही, आणि खड्डाही पडू दिला नाहीस.

मी कानावरची पेन्सिल काढली आणि तिथे लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात: बाहेरचं दार ३४, आतलं २९. मोजलं सुधीरने.

वहिनींनी ते वाचलं आणि रिळांची पिशवी खांद्याला लावली. दोर आला, टेबल चढलं, टेम्पो भांडुपला गेला. चौकट मी वर आणली आहे. तिचं काय करायचं ते अजून कळत नाही. सकाळपासून चारदा तिच्याजवळ जाऊन आलो.

आणि ते लिहिलेलं आता तसंच राहणार आहे, मास्तर. तुझा पॉलिशपेपर माझ्याकडे आहे.